माग थांबले, पेठ राहिली

नगर शहराच्या जुन्या भागात आज लोक जातात ते खरेदीसाठी. माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा यांच्या दरम्यानच्या टापूत कापड बाजार, मोची गल्ली, सराफ बाजार, गंज बाजार, आडते बाजार, दाळ मंडई, तेलीखुंट आणि चितळे रोड एकमेकांना खेटून उभे आहेत. दुकाने लहान आहेत, बहुतेक घराण्यांची आहेत आणि गल्ल्यावर बऱ्याचदा मालक स्वतः बसलेला असतो. हा भाग कधीकाळी मोठ्या उद्योगाचा होता, हे सांगणारी एकही खूण सहज नजरेस पडत नाही. इथे गिरणीचे धुराडे नाही, कारखान्याचा भोंगा नाही, बंद पडलेली शेड नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात हातमागावरील कापडाच्या धंद्यासाठी दख्खनमध्ये ज्या शहरांचे नाव घेतले जाई, त्यांत नगर होते, आणि तो धंदा याच पेठांतून आणि त्यांना लागून असलेल्या वस्त्यांतून चालत होता. माग थांबले, पण पेठ ओस पडली नाही. महाराष्ट्रात उद्योग संपलेल्या अनेक जागांच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. नगरला ते लाभले यामागे जमिनीच्या आणि घरांच्या मालकीची एक विशिष्ट रचना होती, असे माझे प्रतिपादन आहे. शहराच्या जुन्या भागाचा पुनर्विकास करण्याची भाषा सर्वत्र ऐकू येत असताना ही रचना समजून घेणे निकडीचे झाले आहे.

मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ सीना नदीच्या काठी बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्या रणभूमीवर पुढे हे शहर वसवले. राजधानीचे शहर म्हटले की त्याला कारागीर लागतातच. विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये नगरमध्येच ओतली गेली. यावरून इथल्या धातुकामाची पातळी लक्षात येते. विणकामाबद्दलची परंपरा सांगते, की शहर वसल्यानंतर थोड्याच काळात भांगरिया घराण्यातील एका पुरुषाने हा धंदा नगरमध्ये आणला. पुढे निजामशाही गेली, मोगल आले, १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, नंतर शिंद्यांकडे गेला, १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकला आणि पेशवाई बुडाल्यावर इंग्रजी अंमल कायम झाला. इतकी राज्ये बदलली तरी लुगडी आणि पागोटी विणणारे हात इथेच राहिले. मात्र धंद्याचा खरा विस्तार दरबारी वैभवाच्या काळात झालेला नाही. तो दरबार संपल्यानंतर झाला आणि तिथूनच ही कथा विचार करण्याजोगी होते.

सरकारी नोंदी सांगतात, की १८२० मध्ये जिल्ह्यात ९२४ हातमाग होते आणि त्यांपैकी नगर शहरात अवघे २१२. तीस वर्षांनी, १८५० मध्ये, एकट्या शहरातील मागांची संख्या १,३२२ झाली होती आणि पीतांबर विणणारे रेशमी माग आणखी शंभर होते. विलायती मालाने देशी विणकर देशोधडीला लागला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकांतून शिकलो आणि अनेक ठिकाणी ते खरेही आहे. नगरचे आकडे मात्र वेगळे काही सांगतात. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीच वाढीची दोन कारणे नोंदवली. एक, गिरणीचे सूत स्वस्त झाले. दुसरे, जुने पोटापाण्याचे मार्ग आटल्यामुळे इतर जातींचे आणि धंद्यांचे लोकही मागावर बसू लागले. राज्य बुडाल्यावर बेकार झालेल्या माणसांना या उद्योगाने आसरा दिला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील तेवीस गावांत मिळून चार हजारांहून अधिक माग असल्याची नोंद आहे. एका संकटात सापडलेल्या शहराने स्वतःला नव्या धंद्यात बसवून घेतले, ते हे असे. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याला पुन्हा तेच करावे लागणार होते.

या उद्योगाचे वैशिष्ट्य त्याच्या आकारात होते. हातमागासाठी गिरणीसारखे पटांगण लागत नाही. जमिनीत खड्डा करून बसवलेला माग घरातल्या एका खोलीत मावतो. कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, त्याला खळ द्यायची ही कामे घरातील बाया आणि मुले करीत. धोटा पुरुषाच्या हाती असे. घर हाच कारखाना होता. ज्याच्याकडे चार पैसे साठले तो आणखी काही माग बसवून मजुरीने विणकर ठेवी आणि कारखानदार म्हणवून घेई. पण त्याचा कारखानाही राहत्या वाड्याचाच भाग असे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी तोफखाना, सर्जेपुरा आणि आजच्या गांधी मैदानाचा परिसर आपलासा केला. साळी, कोष्टी आणि मोमीन विणकरही शहरात होते. सूत मिळे ते सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून, आणि विणलेले लुगडे जाई तेही व्यापाऱ्याकडेच. कापड बाजार हे या साखळीचे तोंड होते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि बाहेरून येणारे सूत व बाहेर जाणारा माल या दोहोंची वाट सोपी झाली. त्याच सुमारास आणि पुढे १८९६ व १८९९ च्या दुष्काळांत गिऱ्हाईक असलेला कुणबीच उपाशी राहिल्यावर विणकराचे काय हाल होतात, तेही शहराने पाहिले. माग आणि शेत यांचे नशीब एकच होते.

ऱ्हास एका दिवसात झाला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्येच सुधारित हातमाग तयार केला. झटक्याच्या धोट्याने वेग वाढला. हातमाग म्हणजे मागासलेपणा हे समीकरण नगरच्या विणकरांनी तेव्हाच खोटे ठरवले होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न. म. जोशी यांच्या दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांच्या अभ्यासाने दाखवले ते असे, की या धंद्यांचा कणा तंत्रापेक्षा भांडवलाच्या बाजूने कमकुवत होता. विणकर कर्जात होता आणि मंदीत पहिला फटका त्याच्या मजुरीला बसत होता. पुढे महायुद्धात सुताचा तुटवडा पडला. स्वातंत्र्यानंतर मालेगाव, इचलकरंजी आणि भिवंडीच्या यंत्रमागांनी हातमागाचाच माल कितीतरी स्वस्तात बाजारात आणला. त्यात पेहराव बदलला. नगरच्या मागाचे मुख्य उत्पादन नऊवारी लुगडे होते आणि नव्या पिढीतील बायका पाचवारी साडीकडे वळल्या. हातमागासाठी काही वस्त्रे राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये आला, तोवर नगरचा धंदा मोडकळीला आला होता. पद्मशाली घरांतील बायकांनी संसार सावरला तो विड्या वळून. नवा उद्योग शहराबाहेर उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, नागापूरकडे औद्योगिक वसाहत झाली, दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना आला आणि १९७२ मध्ये तिथून लुना मोपेड देशभर गेली. कारखाना आणि घर यांची फारकत झाली आणि वेशीच्या आतला भाग उद्योगाच्या हिशेबातून वजा झाला.

तरीही तो भाग जगला आणि वाढला. याचे पहिले कारण गिऱ्हाईक. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे ते नगर अशी धावली. पुढे एसटी तालुक्या-तालुक्यांत पोचली आणि माळीवाड्याला उतरलेला माणूस पायी कापड बाजारात येऊ लागला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. त्यामागून आणखी कारखाने आले आणि उसाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती खेळू लागला. लग्नाचा बस्ता बांधायला सगळे कुटुंब नगरला येई. पूर्वी या पेठा नगरचे लुगडे बाहेर पाठवीत. आता त्या सुरत, मालेगाव आणि इचलकरंजीचे कापड जिल्ह्याला विकू लागल्या. बाजार तोच राहिला, मालाची दिशा उलटी झाली. धान्याच्या घाऊक व्यापाराचा मोठा भाग बाजार समितीच्या आवारात गेल्याने जुन्या पेठा किरकोळ विक्रीकडे अधिकच झुकल्या.

दुसरे आणि माझ्या मते निर्णायक कारण मालकीचे. गिऱ्हाईक अनेक शहरांकडे होते, पण ते सामावून घेईल अशी जागा हवी. नगरच्या पेठेत जमीन शेकडो लहान तुकड्यांत वाटलेली होती. माग बंद झाला तेव्हा पाडण्यासारखे काही नव्हते आणि एकगठ्ठा विकण्यासारखेही काही नव्हते. रस्त्यावर उघडणारी खोली दुकानाला पुरत होती. मागे घर, पुढे धंदा ही घडण मागाच्या काळातच झाली होती आणि दुकानाला ती नवे काही न बांधता उपयोगी पडली. कुणी स्वतः दुकान टाकले, कुणी गाळा भाड्याने दिला. भाडे-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे लहान भाडेकरूला दीर्घकाळ टिकता आले. म्हणूनच मारवाडी आणि गुजराती पेढ्यांच्या शेजारी फाळणीनंतर आलेली सिंधी-पंजाबी कुटुंबे, मुसलमान व्यापारी आणि नव्याने धंद्यात उतरलेली मराठी घरे या सर्वांना एकाच बाजारात पाय रोवता आले. कोणा एकाने आराखडा काढून हे घडवले नाही. शेकडो मालकांनी आपापल्या कुवतीप्रमाणे घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज आहे. एकाचा निर्णय चुकला तर एक गाळा बंद पडे, बाजार बंद पडत नसे.

हे नुसते अनुमान नाही, हे याच जिल्ह्यातील दुसऱ्या उदाहरणावरून पडताळून पाहता येते. श्रीरामपूरजवळ हरेगाव येथे बेलापूर कंपनीने १९२० च्या दशकात साखर कारखाना उभारला. त्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. कारखाना, वसाहत, रस्ते सारे कंपनीचे होते. कमाल जमीनधारणेचा कायदा आल्यावर १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे खासगी कारखान्यांच्या जमिनी गेल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या लढावे लागले. कारखाना बंद पडला तेव्हा हरेगावात स्वतःच्या मालकीची जागा घेऊन नवा धंदा मांडू शकेल असा वर्गच नव्हता. वसाहत पडक्या इमारतींची झाली. तिथून थोड्याच अंतरावर रेल्वेच्या बेलापूर रोड स्थानकाभोवती वाढलेले श्रीरामपूर मात्र त्याच काळात तालुक्याची मोठी बाजारपेठ म्हणून टिकले. ऊस दोन्ही ठिकाणी एकच, गिऱ्हाईक एकच, रेल्वेही एकच. फरक होता तो इतकाच, की एका ठिकाणी सर्व काही कंपनीचे होते आणि दुसऱ्या ठिकाणी गाळे अनेकांचे होते.

उद्योग संपल्यावर त्याच्या जागेचे काय होते, या प्रश्नाचे तिसरे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत कोकण आणि साताऱ्याबरोबर नगर जिल्ह्यातील माणसेही होती. गिरण्या मोडल्या आणि प्रश्न उरला तो जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी गिरणीतील मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती आकसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या जागी आज मोठा मॉल आहे. तिथेही औद्योगिक वस्तीची बाजारपेठ झाली, पण तिचा मालक एक आहे. कोणते दुकान राहील, भाडे किती असेल, दार किती वाजता बंद होईल हे तोच ठरवतो. परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला तिथे गिऱ्हाईक म्हणून जाता येते, दुकानदार म्हणून जाणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. नगरच्या पेठेत विणकराच्या नातवाला निदान लहानसा गाळा घेण्याची शक्यता तरी होती.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल, की कापड बाजार पूर्वीपासून बाजारच होता, मग त्याचे रूपांतर झाले असे कसे म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. कापड बाजारात मागांची घरघर कधी मुख्य नव्हती. पण कारखाना आणि त्याची विक्रीची पेठ एकमेकांपासून तोडून पाहिली तर हा उद्योग समजतच नाही. तोफखान्यातील माग आणि कापड बाजारातील गादी ही एकाच धंद्याची दोन टोके होती. माग बंद पडल्यावर गादीही उठायला हवी होती, कारण तिचा माल संपला होता. तसे घडले नाही. गादीने नवा माल शोधला आणि बाजार मागांच्या वस्तीकडे सरकत पसरला. बाजार मुळातच तिथे होता, यातून माझ्या प्रतिपादनाला बळच मिळते. उद्योगाच्या काळात जोपासलेली उधारी, ओळख, मालाची पारख आणि खेड्यांशी असलेला संबंध हे भांडवल उद्योगानंतरही उरले. गिरणीच्या दाराला कुलूप लागले की असे भांडवल विरून जाते.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. जुन्या पेठांत गाडी लावायला जागा नाही, रस्ते अरुंद आहेत, विजेच्या तारा लोंबतात, आग लागली तर बंब आत जाणे अवघड आहे. त्यापेक्षा सावेडीसारख्या मोकळ्या भागातील नवी संकुले बरी, असे अनेकांना वाटते. अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवर पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु नवी आणि एकाच मालकाची जागा आपोआप सुरक्षित होत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मरण पावली. सुरक्षितता नियम पाळण्यातून येते आणि ते लहान गाळ्यांतही पाळता येतात. वेशीबाहेर वाहनतळ, ठरावीक वेळी पेठेत गाड्यांना बंदी, भूमिगत वीजवाहिन्या, अग्निशमनासाठी जागोजागी पाण्याची जोडणी ही कामे महापालिकेच्या आवाक्यातील आहेत. १८५४ मध्ये नगरपालिका स्थापन झालेल्या आणि २००३ मध्ये महापालिका झालेल्या शहराला नागरी कारभाराचा दीड शतकाहून मोठा अनुभव आहे. पेठेच्या अडचणींवर पेठ मोडणे हा उपाय होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. बाजार वाचला, पण विणकर वाचला का? मागावरचा पुरुष हमालीला, मजुरीला किंवा परगावी गेला आणि घरातील बाई विडीच्या सुपावर वाकली. तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसून तिने जे कमावले, त्यातून मुले शिकली. विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ मध्ये झाला, पण घरी विड्या वळणाऱ्या बाईपर्यंत त्याचा लाभ पोचवण्यासाठी संघटनांना दीर्घकाळ झगडावे लागले. दुकानदारीची चढती कमान ज्यांच्या हाती आधीपासून भांडवल होते त्यांच्या वाट्याला अधिक आली, हे मान्यच केले पाहिजे. विखुरलेल्या मालकीने पेठेला आधार दिला, न्याय दिला असे म्हणता येणार नाही. ज्याचे घर भाड्याचे होते आणि मागही दुसऱ्याचा होता, त्याला या रचनेचा फायदा झाला नाही. तरीही हरेगाव आणि गिरणगावाशी ताडून पाहिले, तर नगरच्या कामगाराला निदान शहरात राहता आले. त्याचे घर आणि देऊळ जागच्या जागी राहिले, पद्मशालींच्या मार्कंडेयाचा उत्सव त्याच वस्तीत होत राहिला. हे थोडे आहे, पण नगण्य नाही.

आज या पेठेपुढे दोन धोके दिसतात. पहिला पैशाचा. लहान दुकानदार मोठ्या बँकेच्या दारात सहज उभा राहत नाही. त्याला गावातल्या सहकारी बँकेचा आधार लागतो. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. शतकाहून जुनी बँक बुडते तेव्हा ठेवीदारांबरोबर पेठेच्या पतीलाही तडा जातो. जोशींनी १९३६ मध्ये विणकरांच्या धंद्यात जे दुखणे दाखवले होते, तेच आता दुकानदारांच्या वाट्याला येऊ पाहत आहे. दुसरा धोका पुनर्विकासाचा. समूह-विकासाच्या नावाखाली लहान तुकडे एकत्र करून एकाच विकासकाच्या हाती देण्याची कल्पना कागदावर नीटनेटकी दिसते. पण ज्या रचनेने ही पेठ तारली तीच त्यातून नष्ट होते. दुकानदार आणि पथारीवाले यांच्यातील भांडणही याच दृष्टीने सोडवले पाहिजे. पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा कायदा नोंदणी आणि जागा ठरवून देण्याची वाट दाखवतो. पथारीवाला हा उद्याचा गाळेधारक आहे आणि त्याच्यासाठी शिडीची पहिली पायरी बंद करणारी पेठ हळूहळू मूठभरांची होते.

म्हणून नगरच्या महापालिकेकडे, व्यापारी संघटनांकडे आणि नगरकरांकडे एवढेच मागणे आहे. जुन्या पेठेची दुरुस्ती करा, पण गाळ्यांची मालकी एका हाती जाऊ देऊ नका. पतपुरवठा करणाऱ्या स्थानिक संस्थांचा कारभार स्वच्छ ठेवा. विणकर आणि विडी कामगारांच्या कुटुंबांना नव्या गाळ्यांत हक्काचा वाटा द्या, कारण या बाजाराचा पाया त्यांच्या श्रमांवर घातला गेला आणि ते देणे अद्याप फिटलेले नाही.